शर्लीची चावी

माझ्या नवऱ्याचा पाय गाडीमुळे मोडला, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. ते खोटंही नाही. फक्त गाडी तेव्हा गॅरेजमध्ये उभी होती आणि मर्ल दुधाच्या क्रेटवर चढून तिचा टप पुसत होता. क्रेट सरकला, मर्ल खाली आला आणि त्याचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. दवाखान्यात भुलीतून बाहेर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "शर्लीला ओरखडा तर नाही ना पडला?"

शर्ली म्हणजे ती गाडी. सत्तर सालची, पिवळीजर्द, पाठीवरून दोन काळे पट्टे, हाताने टाकायचे चार गिअर आणि पुढे एवढं मोठं इंजिन की सुरू केलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री रडायला लागतात. तिला हात लावण्याआधी मर्ल साबणाने हात धुतो. मला हात लावण्याआधी धुतल्याचं मला आठवत नाही. मी तिला सवत म्हणते, तर त्याला वाटतं मी तिचं कौतुकच करते आहे.

लग्नाला पंचवीसेक वर्षं होऊन गेली, पण शर्लीच्या स्टिअरिंगमागे मी एकदाही बसले नव्हते. चावी मागितली की मर्ल माझ्या पायांकडे बघायचा आणि म्हणायचा, "आर्डिस, तुझी गाडी आपली आपण गिअर बदलते, तीच तुला बरी. शर्लीला तुझा पाय सोसायचा नाही." जशी काही मी तिच्यावर नाचणार होते! मला फार काही नको होतं. एखाद्या रविवारी काचा खाली करून, नदीकाठच्या रस्त्याने, केसांचं जे व्हायचं ते होऊ देऊन एकटीने जायचं होतं. एवढंच. पण ते मला फार हवं होतं, आणि जितकी वर्षं तो नाही म्हणाला तितकं ते वाढत गेलं.

पाय मोडला तो नेमका ऑगस्टच्या तोंडावर. आमच्या गावात ऑगस्टमध्ये मक्याची जत्रा भरते आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे शर्ली असते. तिच्यामागे शाळेचं बँडपथक, मग ट्रॅक्टर, मग पाद्रीबाबांची सायकल आणि शेवटी मक्याच्या ढिगावर बसलेली मकाराणी. हा क्रम बदलायचा कुणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या आयोवाच्या आमच्या त्या कोपऱ्यात तसं फारसं काहीच बदलत नाही.

"मग ड्वेनला सांग चालवायला," जेवणाच्या टेबलावर मी म्हटलं. ड्वेन म्हणजे मर्लचा लंगोटीयार.

"ड्वेनला निशाण घेऊन चालायचं असतं," मर्ल म्हणाला.

तेही खरं होतं. ड्वेन दर वर्षी देशाचं निशाण घेऊन शर्लीच्या मागच्या चाकाशेजारून चालतो. गावाच्या मधोमध रेल्वेचं फाटक आहे आणि धान्याची मालगाडी नेमकी मिरवणुकीच्या वेळी येते. मिरवणूक अर्धा तास उशिरा काढली तर प्रश्न मिटेल, पण मग ती आमची मिरवणूक कसली! फाटकापाशी सगळे थांबतात. तेव्हा ड्वेन निशाण सावरत शर्लीच्या मागच्या चाकाशी एक गुडघा टेकतो, मान खाली घालतो आणि अख्खं गाव टोप्या काढून गप्प उभं राहतं. लढाईत गेलेल्या आमच्या गावच्या पोरांसाठी. कुणी कधी तसं ठरवलं नव्हतं. एका वर्षी ड्वेनने गुडघा टेकला, पुढच्या वर्षी लोकांनी टोप्या काढल्या आणि रीत पडली. बायका रुमाल घेऊनच येतात. मीही रडले आहे.

"मग ट्रेलरवर घालून ने," माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव ओपल. नव्वदीला टेकल्या आहेत, आमच्याकडेच राहतात आणि बोलतात कमी, पण बोलल्या की मर्लच्या हातातला काटा खाली पडतो.

"ट्रेलरवर? आई, शर्लीला? ट्रेलरवर?"

ट्रेलरवरून गाडी आणणाऱ्यांना मर्ल आणि त्याची मंडळी 'पाळणेवाले' म्हणतात. शेजारच्या गावचा एक बिचारा दंतवैद्य एकदा गाडी ट्रेलरवर आणून उतरवत होता, तर मर्लने गर्दीसमोर त्याला दुधाची बाटली नेऊन दिली होती. आता तोच पाळणा स्वतःच्या दारी येणार म्हटल्यावर त्याच्या घशाखाली वाटाणे उतरेनात.

"मी चालवते," मी म्हटलं.

मर्ल हसला. सासूबाई हसल्या नाहीत. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं, कारण दुसरा मार्ग त्यालाही दिसत नव्हता.

"एका अटीवर," मी म्हटलं. "मिरवणुकीत एकदाही गाडी बंद पडली नाही, तर दर रविवारी चावी माझी."

"आणि पडली तर?"

"तर जन्मात पुन्हा मागणार नाही."

"आई, तू साक्षी," असं म्हणून मर्लने लगेच हात पुढे केला. इतका लगेच, की मला रागच आला.

आमच्याकडे गाडी शिकतात ती दफनभूमीत. रस्ते गुळगुळीत आहेत, रहदारी नाही आणि चिरडायला कुणी उरलेलं नाही. शिवाय ती टेकाडावर आहे. आमचा तालुका पोळपाटासारखा सपाट. चढ म्हणून आहेत ते दोनच, एक दफनभूमीचा आणि एक फाटकाचा.

आता मर्ल शेजारी बसणार कसा? प्लास्टरचा पाय आत मावेना. शेवटी त्याने तोंड खिडकीकडे केलं, पाठ माझ्याकडे, आणि पाय सरळ खिडकीतून बाहेर काढला. पुढे आलेल्या अंगठ्याला गारवा लागू नये म्हणून सासूबाईंनी त्यावर लोकरीचा लाल मोजा चढवला. म्हणजे माझ्या गुरुजींना रस्ता दिसत नव्हता, माझे पाय दिसत नव्हते, गिअरचा दांडाही दिसत नव्हता. त्यांना दिसत होता फक्त स्वतःचा अंगठा आणि त्यापलीकडे थडगी.

"क्लच दाब. पहिला टाक. आता सोड," मर्ल म्हणाला.

मी सोडला. शर्लीने उडी मारली, मर्लचं डोकं माझ्या खांद्यावर आपटलं आणि सगळं शांत झालं.

"असा नाही सोडायचा!"

"तूच म्हणालास सोड."

"सोड म्हणजे धरून सोड! सोडत सोडत धर!"

"मर्ल, देवाने मला एकच डावा पाय दिला आहे."

"तिचं ऐक ना जरा. ती सांगते कधी सोडायचा ते."

"मला ती काहीही सांगत नाही. तुलाच सांगते. पंचवीस वर्षं तुलाच सांगते आहे."

तो क्लच म्हणजे काय चीज होती! माझ्या मापाच्या बाईने त्यावर उभंच राहायला हवं. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी निघाली, पण बेडकासारखी उड्या मारत निघाली आणि मी घाबरून स्टिअरिंग फिरवलं तशी ती गेल्या साली वारलेल्या सरपंचांच्या थडग्यावरच्या प्लास्टिकच्या फुलांवरून गेली. दुसऱ्या दिवशी पहिला आणि दुसरा गिअर जमला. तिसरा टाकायचा म्हणजे दांडा मर्लच्या दिशेने ढकलायचा, आणि तो थेट त्याच्या बरगडीत जायचा. "ओय!" असं आलं की समजायचं, तिसरा पडला. तो घरी चिडून म्हणाला, की मी मुद्दाम तिसरा शोधत होते. होते थोडी.

पण चढावर मात्र माझी अक्कल चालेना. गाडी थांबवायची आणि पुन्हा वर न्यायची, तर ब्रेकवरचा पाय उचलला की शर्ली मागे घसरायची, मी किंचाळायचे आणि इंजिन गप्प व्हायचं. मर्लला मी विचारलं, की फाटकाच्या चढावर तू काय करतोस?

"त्याची काळजी तू करू नकोस," तो अंगठ्याकडे बघत म्हणाला. "तिथे होतं बरोबर."

"होतं म्हणजे काय? आपोआप?"

"होतं गं. चढाचा सराव सोड तू."

मला वाटलं, ह्याला मी हरायलाच हवी आहे. रात्री भांडी घासताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी साधी गोष्ट, गावातली मिसरूड न फुटलेली पोरं करतात, आणि मला जमत नाही! सासूबाई टेबलाशी बसून पाय हलवत होत्या.

"उद्या मर्ल जेवल्यावर गोळी घेऊन झोपतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला दफनभूमीत ने. तुझ्या सासऱ्यांच्या फुलांना पाणी घालायचं आहे."

"आपल्या गाडीतून जाऊ आई."

"शर्लीतून जाऊ. आणि शिलाई मशिनच्या तेलाची कुपी घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मर्लच्या जागी बसल्या, मांडीवर पर्स, आणि म्हणाल्या, "बूट काढ."

"काय?"

"बूट काढ, आर्डिस. जाड तळव्याला काय कळतं? कणीक हातमोजे घालून मळतेस का?"

मी अनवाणी झाले. पेडल ऊन होतं.

"आता दुसऱ्या पेडलला हात लावू नकोस. म्हणजे पाय. पेट्रोल देऊ नकोस. नुसता क्लच वर येऊ दे, अगदी सावकाश. इंजिनाचा आवाज बसेल आणि गाडी नाक वर करेल. तिथे थांब."

मी पाय वर येऊ दिला. एका जागी आवाज खोल गेला आणि ते लांबलचक पिवळं नाक खरोखर जरासं वर झालं. माझ्या तळव्याला गुदगुल्या झाल्या.

"आई, उचललं!"

"हां. ती जागा. बाकी सगळं पुरुषांच्या गप्पा."

मग त्यांनी काठीने डावीकडे कोपऱ्यातलं एक बारकं पेडल दाखवलं. गाडी उभी करून ठेवायचा ब्रेक. मी मर्लला त्यावर पाय ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणायचा, तो ब्रेक म्हाताऱ्या बायकांसाठी असतो.

"मी आहेच म्हातारी बाई," सासूबाई म्हणाल्या. "तेल घाल त्यात."

त्या तरुण असताना धान्याचा ट्रक कोठारावर न्यायच्या, चढावर रांगेत उभं राहून, हे मला त्या दिवशी कळलं. थांबलीस की गिअर काढून गाडी मोकळी कर आणि ते बारकं पेडल दाब, त्या म्हणाल्या. मग मजेत बस, हवं तर लोकर वीण. निघायचं झालं की क्लच, पहिला गिअर, नाक वर येईपर्यंत पाय सोड, थोडं पेट्रोल दे आणि हाताने खालची मूठ ओढून ब्रेक मोकळा कर. मी केलं. शर्ली एक इंचही मागे न जाता चढ चढली. खाली लुथरन चर्चची थडगी आणि वर मेथडिस्ट चर्चची, दोघांच्या मधून, अगदी राणीसारखी.

"तुम्ही हे मर्लला का नाही शिकवलंत?" मी विचारलं.

"तो मित्रांकडून शिकला, सपाट रस्त्यावर. मला त्याने कधी विचारलंच नाही," असं म्हणून त्या खाली उतरल्या आणि फुलांना पाणी न घालताच परत येऊन बसल्या.

घरी मर्लला आम्ही यातलं काही सांगितलं नाही.

जत्रेच्या सकाळी ऊन कडक पडलं होतं. मर्ल पाठ माझ्याकडे करून बसला. खिडकीबाहेरच्या प्लास्टरला कुणीतरी छोटी निशाणं चिकटवली होती आणि अंगठ्यावरचा लाल मोजा धुऊन इस्त्री केलेला होता. मी बूट काढून सीटखाली टाकले. ड्वेन मोठं निशाण घेऊन मागच्या चाकापाशी उभा राहिला. त्याची तब्येत जरा उतरलेली दिसली, पण ऐट तीच.

"नेहमीसारखं ना रे?" मर्लने त्याला विचारलं.

"नेहमीसारखं," ड्वेन म्हणाला, पण टोपीशी खेळत म्हणाला.

बँड वाजायला लागला आणि मी क्लच सोडला. नाक उचललं, शर्ली निघाली. माणसं चालतात त्या वेगाने ती गाडी नेणं म्हणजे सांडाला घेऊन पाळणाघरात जाण्यासारखं आहे. दर थोड्या अंतरावर क्लच दाबा, सोडा, दाबा, सोडा. माझी पोटरी थरथरत होती. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, "आर्डिस? अरे, आर्डिस चालवते आहे!" काही जण पुढे येऊन मर्लच्या अंगठ्याशी हस्तांदोलन करत होते. किराणा दुकानापाशी शर्लीला एक आचका बसला, इंजिन गदगदलं. मी क्लच दाबला. चालू राहिली.

"वाचलीस," मर्ल पुटपुटला.

"तूही," मी म्हटलं, कारण तिसरा गिअर तिथून फार लांब नव्हता.

फाटक आलं. चढाच्या मध्यावर पोहोचलो तोच घंटा वाजली, दांडी खाली आली आणि मालगाडी धडधडत येऊ लागली. मी थांबले, गाडी मोकळी केली आणि बारकं पेडल दाबलं. मर्लला काही दिसलं नाही, तो पदपथाकडे तोंड करून बसला होता. मागे बँड थांबला. आरशात मला दोन मोठे पितळी भोंगे दिसत होते, अगदी टेकून.

ड्वेनने गुडघा टेकला आणि टोप्या उतरल्या. बायकांनी रुमाल काढले. मालगाडीचा शेवटचा डबा निघून गेला आणि सगळीकडे असं गप्प झालं की निशाणाची फडफड ऐकू येत होती. मीही रुमाल काढला.

"लावलास?" मर्ल कुजबुजला.

"मर्ल," खालून ड्वेन कुजबुजला, "घोळ झाला आहे."

"काय?"

"ठोकळा घरी राहिला. कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लावला होता, तो तिथेच राहिला."

"राहिला?" मर्ल ओरडला. मालगाडीच्या आवाजावर ओरडायची त्याची सवय, आणि मालगाडी तर गेलेली. "राहिला म्हणजे? अरे गाढवा, मग गुडघा कशाला टेकलास? इतकी वर्षं गुडघा टेकतोस ते कशासाठी? चाकामागे ठोकळा नाही लावला तर मला हा चढ चढता येतो का? आपण घसरत मागे बँडावर जाणार!"

अख्खं गाव टोप्या छातीशी धरून हे ऐकत होतं.

मकाराणीने लांबून विचारलं, "काय झालं?" आणि तेही सगळ्यांना ऐकू आलं. भोंगेवाली मुलगी दोन पावलं मागे सरकली. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. आणि मी माझ्या नवऱ्याच्या मानेकडे बघत होते. ती मागून हळूहळू लाल होत चालली होती, मोज्यासारखी.

म्हणजे हे असं होतं. माझा पाय शर्लीला सोसणार नव्हता, पण ह्याच्या पायाखाली मात्र वर्षानुवर्षं एक लाकडाचा तुकडा होता आणि त्याच्यासाठी आम्ही रुमाल भिजवत होतो.

"आर्डिस," मर्ल दबक्या आवाजात म्हणाला. "ब्रेकवरचा पाय उचलू नकोस. देवाची शपथ आहे तुला. कुणालातरी दगड आणायला सांग."

"पाय मी केव्हाच उचलला आहे," मी म्हटलं.

त्याने मान वळवून खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय अनवाणी, मोकळे, गाडीच्या तळावर होते. शर्ली जागची हलली नव्हती. मग त्याला ते बारकं पेडल खाली गेलेलं दिसलं.

"तो तर म्हाताऱ्या..." तो म्हणाला आणि गप्प बसला, कारण पदपथावर घडीच्या खुर्चीत त्याची आई बसली होती आणि सरळ त्याच्याकडे बघत होती.

फाटक वर गेलं. मी क्लच दाबला, पहिला टाकला. पाय सावकाश वर येऊ दिला. आवाज खोल गेला, नाक उचललं, मी मूठ ओढली. शर्ली चढली. मागे नाही, आचका नाही, काही नाही. रुळांवरून खडखडत पलीकडे गेले तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सगळं गाव ओरडायला लागलं. बँडाने भलतंच गाणं सुरू केलं. ड्वेन मात्र फाटकापाशीच राहिला, कारण त्याचा गुडघा अडकला होता. त्याला नंतर दोन भोंगेवाल्यांनी उचललं.

गाडी बंद पडली नाही. एकदाही नाही.

मर्लने चावी त्याच संध्याकाळी दिली. माझ्या हातात नाही, साखरेच्या डब्याशेजारी ठेवली आणि पाठ फिरवून कुबड्या टेकत निघून गेला. पुढच्या रविवारी मी नदीकाठच्या रस्त्याने गेले, काचा खाली करून. केसांचं जे व्हायचं ते झालं. तिसरा गिअर टाकला तेव्हा शेजारून "ओय" आलं नाही, आणि खरं सांगते, जरा चुकल्यासारखं वाटलं.

गावाने ड्वेनला फार छळलं. कोंबडीच्या दुकानात त्याला पाहून लोक टोप्या काढायचे. पण पुढच्या वर्षी काय करायचं, अशी चर्चा निघाली तेव्हा सगळे एकदम म्हणाले, म्हणजे काय, गुडघा टेकायचा. ठोकळा नको, गुडघा हवा. पोरं तर खरोखर गेली होती ना.

प्लास्टर निघालं तेव्हा मका कापून झाला होता. एका रविवारी मी चावी उचलली आणि सासूबाई पर्स घेऊन मागच्या सीटवर बसल्या, तेव्हा मर्ल दारात उभा होता. साबणाने हात धुऊन आला होता.

"कुठे निघालात?"

"दफनभूमीत. आईंना फुलांना पाणी घालायचं आहे."

तो शर्लीभोवती एक चक्कर मारून आला. टप उगाच पुसला. मग माझ्या खिडकीशी वाकून, स्टिअरिंगकडे बघत, इतक्या हळू बोलला की त्याच्याच गाडीच्या आवाजात ते बुडून जात होतं.

"आर्डिस. तो चढ... मला दाखवशील?"

पंचवीस वर्षांची उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती. त्याच्या पायांकडे बघून म्हणणारच होते, शर्लीला तुझा पाय सोसायचा नाही. पण मी सरकले आणि बाजूच्या सीटवर बसले. तो स्टिअरिंगमागे आला, काचा पुसल्या, आरसा नीट केला, खांदे ताठ केले, जसा काही अख्खा तालुका बघतो आहे.

तेवढ्यात मागून काठीने त्याच्या खांद्यावर टकटक झाली.

"मर्ल," सासूबाई म्हणाल्या, "बूट काढ."